खिडकीतला वडा आणि आमची उधारी

मागच्या महिन्यात वसुलीसाठी आम्ही खडवलीला गेलो होतो. त्या बाजूचा एक दुकानदार आमच्याकडून अस्तराचे कापड आणि पॉपलिन नेतो. चार महिन्यांचे बिल थकले होते. रक्कम फार मोठी नव्हती, पण चार वेळा वायदा झाला होता. दुकानदाराने आदराने बसवले, चहा पाजला, घरच्यांची खुशाली विचारली आणि शेवटी म्हणाला, ‘शेठ, पुढच्या महिन्यात नक्की.’ आम्ही पिशवी उचलली आणि स्टेशनवर येऊन कल्याणकडे जाणाऱ्या लोकलची वाट पाहत बसलो.

सोबत आमचा पुतण्या होता. टिटवाळा, आंबिवली, शहाड मागे टाकून गाडी कल्याणला आली तेव्हा तो म्हणाला, ‘चाचा, दुपारपासून पोटात काही नाही. भिवंडीची गाडी नंतर पकडू, आधी खिडकी वडा खाऊ.’

कल्याणचा खिडकी वडा वाचकांपैकी अनेकांनी खाल्ला असेल. 1960 च्या दशकाच्या अखेरीस वझे कुटुंबाने रस्त्याकडे उघडणाऱ्या घराच्या खिडकीतून वडे द्यायला सुरुवात केली. दुकान घ्यायला पागडी लागते, फर्निचर लागते, पाटी लागते. त्यांच्याजवळ खिडकी होती, ती त्यांनी वापरली. लोकांनीच नाव ठेवले, खिडकी वडा. आज पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी नाव तेच आहे आणि गिऱ्हाईक विचारत विचारत येते.

आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढे कॉलेजची मुले होती, ऑफिसातून परतणारे बाबू होते, एक हमाल होता. ज्याची पाळी आली त्याने पैसे द्यायचे, वडा घ्यायचा, बाजूला व्हायचे. कोणी म्हटले नाही की ‘लिहून ठेवा’ किंवा ‘पुढच्या महिन्यात नक्की’. वडा गरम होता, चटणी तिखट होती, आणि आम्ही कागदातला पहिला घास घेतला तोच मोबाइल वाजला.

फोन आमच्या कामाच्या एका मागवाल्याचा होता. त्याचे आठ माग आहेत. आमचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. ताके कधीच पोहोचले होते, मजुरी बाकी होती. त्याला सुताचे नव्हे, घरचे काम होते, मुलाची फी भरायची होती. आम्ही सवयीने म्हणून गेलो, ‘पुढच्या आठवड्यात नक्की.’ पुतण्याने आमच्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही, पण खडवलीच्या दुकानदाराचे शब्द आमच्याच तोंडून निघाले होते, हे त्यालाही कळले आणि आम्हालाही.

त्या दिवसापासून मनात जो हिशोब चालू आहे तो वाचकांपुढे ठेवतो.

वडापाव आणि भिवंडीचे कापड यांचा इतिहास वाटतो तितका वेगळा नाही. दादर स्टेशनबाहेर 1966 च्या सुमारास वडापावची सुरुवात झाली असे सांगितले जाते. त्याचा पहिला मोठा गिऱ्हाईक गिरणी कामगार. 1982 चा संप झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि काम गेलेल्या अनेकांनी वडापावच्या गाड्या लावल्या. त्याच गिरण्यांत विणले जाणारे कापड मग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर अधिक अधिक विणले जाऊ लागले. म्हणजे एका गिरणीच्या पडझडीतून दोन धंद्यांना बळ मिळाले. गाडीवाल्याने पहिल्या दिवसापासून रोख घेतले. आपण पहिल्या दिवसापासून उधार दिले. त्याची भांडवलाची कढई रोज रात्री रिकामी होऊन सकाळी पुन्हा भरते. आपले भांडवल दुसऱ्याच्या गोदामात तीन-तीन, चार-चार महिने पडून राहते आणि व्याज आपण भरतो.

कोणी म्हणेल, वडा आणि कापड यांची बरोबरी कशी? वडा थोड्या पैशांचा, कापड हजारोंचे. वडा आज विकला नाही तर उद्या फेकावा लागतो, कापड वर्षभर टिकते. हे खरे आहे. पण पाव विकणाराही उधार देतोच, बटाट्याच्या बाजारातही उधारी चालते. मग खिडकीवरच रोख का चालते? आमच्या मते कारण रकमेत नाही. खिडकीपुढे उभा असलेला माणूस ‘कोणताही वडा’ घ्यायला आलेला नसतो, ‘हा वडा’ घ्यायला आलेला असतो. ज्याला हाच माल हवा, तो अटी घालत नाही.

आता आपल्या ग्रे कापडाकडे पाहा. ताक्यावर विणणाऱ्याचे नाव नाही, खूण नाही. पन्हा आणि पिक सांगितला की भाव ठरला. आमचे घेतले काय, शेजारच्याचे घेतले काय, घेणाऱ्याला फरक पडत नाही. भाव सगळ्यांचा सारखा, म्हणून व्यापारी एकच गोष्ट विचारतो, ‘किती दिवसांची उधारी?’ जो जास्त दिवस देईल त्याचा माल उचलला जातो. आपण कापड विकतो असे समजतो, प्रत्यक्षात आपण दिवस विकतो.

आणि खरे सांगायचे तर हे निनावीपण आपल्याला सोयीचेही वाटले. नाव नसले की ताक्यात अर्धा मीटर कमी भरला तरी बोट कोणाकडे जात नाही. सुताचा भाव चढला की पिक थोडा कमी केला तरी चालून जाते. हा दोष आम्ही दुसऱ्यावर ढकलत नाही. असा माल आमच्याही गोदामातून गेला आहे. त्या महिन्यात चार पैसे वाचले, पण ‘यांचाच माल हवा’ असे म्हणणारे गिऱ्हाईक आम्हाला कधी मिळाले नाही. सोलापूरच्या चादरीला गावाचे नाव मिळाले, लोक नाव घेऊन चादर मागतात. भिवंडीत एवढे माग चालतात, पण भिवंडीचे म्हणून कापड मागताना कोणी ऐकू येत नाही.

मग करायचे काय? सगळी उधारी एका दिवसात बंद करा असे आम्ही सांगणार नाही. तसे केले तर गिऱ्हाईक शेजारी जाईल आणि माग बंद पडतील. पण तीन गोष्टी आजपासून करता येतात.

पहिली, दहा प्रकारचा माल विणणाऱ्याने एक प्रकार निवडावा. त्यात सूत, पिक, पन्हा आणि मीटर कधीही बदलू नये. भाव चढला तर भाव वाढवावा, माल घटवू नये. काठावर आपली खूण विणावी. एवढाच माल रोखीने किंवा कमी दिवसांच्या बोलीवर विकावा. सुरुवातीला थोडा विकेल. खिडकी तरी केवढी असते?

दुसरी, कायदा माहीत करून घ्यावा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, अशी तरतूद 2006 च्या कायद्यात आहे. आकारणी वर्ष 2024-25 पासून आयकर कायद्यातही बदल झाला. या मुदतीत पैसे न देणाऱ्याला ती रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच धरता येते. पण याचा लाभ हवा तर मागवाल्याची उद्यम नोंदणी हवी. ती निःशुल्क आहे. आमच्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना हे संरक्षण नाही, ते कारखानदार आणि मजुरीवर काम करणाऱ्यांना आहे. म्हणजे उद्या आमचा मागवाला हाच कायदा आमच्यापुढे ठेवू शकतो. त्याने ठेवावा.

तिसरी, व्यवहार लिहून ठेवावा. आपल्यात अजून शब्दावर माल जातो आणि लिहायला सांगितले की समोरच्याला अपमान वाटतो. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे मदरशात शिकलेले आपण बाजारात विसरतो. लिहिण्याने दोस्ती तुटत नाही, उलट टिकते.

आमच्यापुरता एक नियम आम्ही केला आहे. ताके मोजून गोदामात आले की मजुरीची रक्कम त्याच दिवशी वेगळी काढायची. आमचे पैसे खडवलीत अडकले असतील तर तो आमचा प्रश्न आहे, आठ मागवाल्याच्या घरचा नाही. पहिल्या महिन्यात ओढाताण झाली, सुताची एक खरेदी पुढे ढकलावी लागली. ती पुढे गेल्याने आकाश कोसळले नाही.

त्या संध्याकाळी कल्याणहून भिवंडीच्या गाडीत बसण्याआधी आम्ही मागवाल्याला परत फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची मजुरी चुकती केली. खडवलीचे बिल अजून बाकी आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ. या वेळी चहा घेण्याआधी तारीख लिहून घेऊ.