बीळ कुणी उकरलं?

बाबांच्या वर्षश्राद्धाची पंगत उठली आणि धाकट्या भावाने माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं. "ताई, इथे सही कर." मी म्हटलं, "आधी वाचते." एवढ्यावरच काकू पुटपुटल्या, "आयत्या बिळावर नागोबा!"

मैत्रिणींनो, म्हण खोटी नाही. नागाला बीळ उकरता येत नाही. ना पाय, ना नखं. बिळं करतात उंदीर आणि घुशी, वारूळ कणाकणाने उभारते वाळवी. नाग नुसता आत शिरतो. घूस तर इतकी संसारी, की बिळात धान्याचा साठा करून ठेवते.

पण मग आमच्या घराचं बीळ कुणी उकरलं? विहीर खणायला आईच्या पाटल्या मोडल्या. शाळा बुडवून भुईमूग उपटायला मी जायची, तेव्हा भाऊ झोळीत झोपलेला असायचा. आणि नागोबा कोण, तर मी!

गंमत बघा, याच नागोबाला श्रावणात आपण भाऊ मानतो. पंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी उपास, दुसऱ्या दिवशी वारुळाला दूध-लाह्या. (नाग दूध पीत नाही हे सांगून सर्पमित्र थकले, ते असो.) त्या दिवशी जमीनही खणायची नाही, कुणाचं बीळ मोडू नये म्हणून.

२००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क दिला. लग्न झालेलं असलं तरी. वडील त्याआधी वारले असले तरी तो जात नाही, हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं. जुनी नोंदणीकृत वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी. हक्कसोडपत्र मात्र एकदा नोंदवलं, की मागे फिरणं फार अवघड. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की भावाची नड बघून राजीखुशीने सोडायचं असेल तर खुशाल सोडा. पण चारचौघांत कुणी नागोबा म्हणालं म्हणून खाली मान घालून सही करू नका.

माहेर तुटेल ही भीती मलाही आहेच. खोटं कशाला सांगू? रात्र-रात्र मन पोखरते ती. कागद अजून कपाटात तसाच आहे, कोरा. भाऊ फोनवर मोजकंच बोलतो.

परवा आईचा फोन आला. "पंचमीला ये गं, दिंडं करते." मी विचारलं, "न्यायला कोण येणार?" ती जरा थांबली. म्हणाली, "विचारते त्याला."