अर्ज लिहायला कोण शिकवणार?

आमच्या महिला मंडळात रांगोळी शिकवतात, भजनस्पर्धा होतात. नळाला पाणी आलं नाही की अर्ज मात्र कुणाच्या तरी मिस्टरांनी लिहायचा! मागे मीच दोन पानं लिहिली. त्यात संताप होता, तारीख नव्हती. कारकुनाने बाजूला सारली. तक्रारीचं काय झालं, हे विचारायला २००५ चा माहिती अधिकार आहे. कारण सांगावं लागत नाही, उत्तर ३० दिवसांत. कन्नड येत नाही ही सबब नको, हिंदीही चालते. कर्नाटकात मजकुराची अट अशी : एकच विषय, सहसा १५० शब्द. प्रवचनात भाषासमिती ऐकणाऱ्या आपल्याला मोजकं लिहिणं जड का जावं? कुठे, केव्हापासून, काय हवं, एवढं लिहा, पोच घ्या. बायांनो, पंगतीत वाढणं ही सेवा, तशी शेजारणीला अर्ज शिकवणं हीही सेवाच!