मतदारसंघांची वांटणी व मताचें वजन

लोकशाही राज्यांत प्रत्येक सज्ञान माणसास एक मत असतें व सर्वांच्या मतांची किंमत सारखी असते, असें आपण शाळेंत शिकत आलों आहों. यांपैकीं पहिलें विधान खरें आहे. दुसरें मात्र त्रैराशिक मांडून पाहूं गेल्यास टिकत नाहीं. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें त्या वेळच्या अखंड ठाणें जिल्ह्याची वस्ती १ कोटी १० लाख ६० हजार १४८ होती आणि विधानसभेंत त्याच्या वांट्यास २४ जागा होत्या. म्हणजे सरासरीनें ४ लाख ६१ हजार माणसांमागें एक आमदार. त्याच खानेसुमारींत सिंधुदुर्ग जिल्ह्याची वस्ती ८ लाख ४९ हजार ६५१ भरली आणि त्याच्या जागा ३. म्हणजे २ लाख ८३ हजारांमागें एक. सिंधुदुर्गांतील पांच माणसांचें कायदेमंडळांत जें वजन पडतें, तें पाडण्यास ठाण्यांत आठ माणसें लागतात. हें कोणाचें कपट नव्हे. जुन्या मापानें वाढत्या अंगाचा सदरा बेतल्याचा हा परिणाम आहे. परंतु माप पुन्हा घेण्याची वेळ जवळ येत चालली असल्यामुळें या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम आजची व्यवस्था काय आहे तें पाहूं. महाराष्ट्राचे विधानसभेसाठीं २८८ व लोकसभेसाठीं ४८ मतदारसंघ आहेत, आणि सहा विधानसभा मतदारसंघ मिळून लोकसभेचा एक, असा सरळ हिशेब आहे. विधानसभेच्या जागांपैकीं २९ अनुसूचित जातींसाठीं व २५ अनुसूचित जमातींसाठीं राखून ठेवल्या आहेत. लोकसभेंत हेच आंकडे अनुक्रमें ५ व ४ आहेत. राज्यसभेंत महाराष्ट्राचे १९ सभासद बसतात व त्यांची निवड आमदार करतात. विधानपरिषदेच्या ७८ सभासदांपैकीं ३० आमदारांनीं निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे व १२ राज्यपालांनीं नेमलेले असतात. राष्ट्रपतीच्या निवडणुकींतहि महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताची किंमत १७५ धरण्यांत येत आली आहे, आणि ती १९७१ च्या लोकसंख्येवरून काढलेली आहे. यावरून दिसून येईल कीं, विधानसभेच्या मतदारसंघाची शींव ही गांवनकाशावरची क्षुल्लक रेघ नव्हे. राज्यसभा, विधानपरिषदेचा मोठा भाग व राष्ट्रपतीची निवड या सर्व फांद्या त्याच मुळावर पोसलेल्या आहेत. मूळ वांकडें असेल तर फांद्या सरळ वाढाव्या कशा?

ही शींव आंखण्याचें काम परिसीमन आयोगाकडे असतें. सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ति त्याचे अध्यक्ष असतात. मुख्य निवडणूक आयुक्त किंवा त्यांनीं नेमलेले आयुक्त व राज्याचे निवडणूक आयुक्त हे सभासद असतात. त्या त्या राज्यांतील पांच खासदार व पांच आमदार साहाय्यास असतात, पण त्यांना मत नसतें. ज्यांना निवडून यावयाचें त्यांच्याच हातीं शींव आंखण्याचा दोर देऊं नये, हें या योजनेंतील तत्त्व सर्वथैव योग्य आहे. पूर्वीं प्रत्येक खानेसुमारीनंतर ही फेरवांटणी होत असे. त्यानुसार महाराष्ट्राच्या विधानसभेच्या जागा १९६२ सालीं २६४, १९६७ सालीं २७० व १९७८ सालीं २८८ झाल्या. पण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें १९७१ च्या लोकसंख्येवर हा हिशेब गोठविण्यांत आला. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीनें एकूण जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या खानेसुमारीपर्यंत तशीच ठेविली. मात्र राज्याच्या पोटांतील शिंवा बदलण्यास मोकळीक दिली. पुढें २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीनें त्यासाठीं २००१ चे आंकडे ग्राह्य धरले. न्यायमूर्ति कुलदीप सिंग यांच्या आयोगानें आंखलेल्या शिंवा २००८ सालीं अमलांत आल्या व २००९ च्या निवडणुका त्यांवर झाल्या.

त्या फेरवांटणीनें महाराष्ट्राचा राजकीय नकाशा किती हलला, हें पुष्कळांस अद्याप उमगलेलें नाहीं. ठाणें जिल्ह्याच्या १३ जागांच्या २४ झाल्या. मुंबई शहराच्या १७ जागा १० वर आल्या आणि उपनगरांच्या १७ च्या २६ झाल्या. विदर्भाच्या विधानसभेंतील जागा ६६ वरून ६२ व लोकसभेंतील ११ वरून १० झाल्या. रत्नागिरी जिल्ह्यांतील खेड व संगमेश्वर हीं नांवें मतदारसंघांच्या यादींतून गेलीं; आणि नाथ पै व मधु दंडवते यांच्यासारख्या वक्त्यांना ज्यानें दिल्लीस पाठविलें तो राजापूर मतदारसंघहि लोकसभेच्या यादींतून नाहींसा झाला. याबद्दल हळहळ वाटणें स्वाभाविक आहे. परंतु मतदारसंघ हा देवस्थानच्या इनामासारखा जमिनीस चिकटलेला हक्क नव्हे. तो माणसांचा हक्क आहे. कोंकणांतील तरुण पोटामागें मुंबईस गेला, मुंबईंत जागा परवडेना म्हणून डोंबिवलीस किंवा विरारास बिऱ्हाड केलें. तेव्हां त्याचें मतहि त्याच्या बिऱ्हाडामागें गेलें पाहिजे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाणें जिल्ह्याची वस्ती ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली, तर रत्नागिरी, सिंधुदुर्ग व मुंबई शहर या तीन जिल्ह्यांची वस्ती उलट घटली. २००१ च्या आंकड्यांवर जी वांटणी बरोबर होती, ती दहाच वर्षांत अशी लंगडी पडली. त्यानंतरच्या काळांत काय झालें असेल, हें लोकलगाडींत पाय ठेवणाऱ्या कोणासहि सांगण्याची गरज नाहीं.

आतां दिल्लीचा प्रश्न घेऊं. लोकसभेच्या ५४३ जागांची वांटणी पुन्हा लोकसंख्येवर करावी कीं नाहीं, यावर देशांत मोठा वाद माजलेला आहे. २०११ च्या आंकड्यांवरून केरळांत १६ लाख ७० हजार माणसांमागें एक खासदार पडतो, तामिळनाडूंत १८ लाख ५० हजारांमागें एक, उत्तर प्रदेशांत सुमारें २५ लाखांमागें एक आणि राजस्थानांत २७ लाख ४० हजारांमागें एक. कुटुंबनियोजनाचा सरकारी उपदेश ज्यांनीं मनावर घेतला त्या दक्षिणेकडील राज्यांस त्याबद्दल दंड भरावा लागावा, हें न्यायाचें नाहीं. आणि राजस्थानांतील रयतेचें मत कायमचें हलकें राहावें, हेंहि न्यायाचें नाहीं. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत सत्य असल्यामुळें ही तडजोड बहुमताच्या जोरावर न होतां सर्व राज्यांच्या संमतीनें झाली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पण या वादांत महाराष्ट्राचें स्वतःचें किती अडकलेलें आहे? येथें २३ लाख ४० हजार माणसांमागें एक खासदार आहे व देशाची सरासरी २२ लाख ३० हजार आहे. देशाच्या लोकसंख्येंत आपला वांटा शेंकडा ९.३ आहे व लोकसभेंत ८.८. निव्वळ लोकसंख्येवर ५४३ जागा वांटल्या तर ४८ च्या फार तर ५० होतील. म्हणजे दिल्लींत आपणांस दोन जागांची कमाई आहे; खरी उलथापालथ व्हावयाची ती घरांत. असें असतां आमचे पुढारी दक्षिण व उत्तर यांच्या भांडणावर हिरिरीनें बोलतात आणि ठाणें, पुणें, विदर्भ व तळकोंकण यांच्या आपसांतील हिशेबाबद्दल तोंडांत मिठाची गुळणी धरून बसतात. शेजाऱ्याच्या बांधावर पंचाईत करणाऱ्यानें आपल्या घरच्या वांटणीचे कागदहि कधीं उघडून पाहिले पाहिजेत.

यावर खेड्यांच्या कैवाऱ्यांचा एक आक्षेप आहे व तो उडवून लावण्याजोगा नाहीं. ते म्हणतात कीं, डोक्यांवर जागा वांटल्या तर मुंबईपासून पुण्यापर्यंतची शहरें सारी विधानसभा गिळून टाकतील, आणि ज्या मुलुखास रस्ता, पाणी व दवाखाना यांची अधिक गरज आहे त्याचाच आवाज क्षीण होईल. गडचिरोलीच्या आमदारास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास जो प्रवास करावा लागतो, तो मुंबईच्या आमदारास स्वप्नांतहि ठाऊक नसतो. हें खरें आहे. आणि म्हणूनच परिसीमनाच्या कायद्यानें भूगोल, दळणवळण, शासकीय हद्दी व लोकांची सोय यांकडे पाहण्यास सांगितलें आहे. थोडी तफावत त्या कारणास्तव राहिली तर आमची तक्रार नाहीं. परंतु मागासलेपणावरचा उपाय म्हणून एका नागरिकाच्या मताचें वजन दुसऱ्याच्या पदरांत टाकणें हा औषधाऐवजीं ताईत बांधण्याचा प्रकार आहे. खरा उपाय घटनेनेंच सांगून ठेविला आहे. ३७१ (२) या कलमाखालीं विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठीं १९९४ सालीं विकास मंडळें स्थापन झालीं. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली, आणि ती संपतांना जेवढा गलबला व्हावयास पाहिजे होता तेवढा झाला नाहीं. मागास मुलुखाचा कळवळा ज्यांना आहे त्यांनीं अशा मंडळांना खरे अधिकार व जिल्हा परिषदांना खरा पैसा मागावा.

आमच्या व्यापारी वाचकांस येथें दोन शब्द सांगावेसे वाटतात. १९१९ व १९३५ च्या कायद्यांखालीं मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळांत व्यापार व उद्योग यांच्यासाठीं स्वतंत्र जागा असत. स्वराज्यांत त्या गेल्या, हें योग्यच झालें; पेढीवरचा शेठ व पाठीवर पोतें वाहणारा हमाल यांना एकच पेटी मिळाली. पण स्वतंत्र जागा गेल्यावर सार्वजनिक जागेची काळजी वाहण्याचें कर्तव्य मात्र पुष्कळांनीं पत्करलें नाहीं. दुकानाच्या जागेची मोजणी निघाली तर मनुष्य कामधंदा टाकून भूमापकाच्या मागें फिरतो. आपल्या मतदारसंघाची मोजणी निघाली तर तो वर्तमानपत्राचें पान उलटतो.

जून २०२५ मध्यें निघालेल्या सरकारी अधिसूचनेनें पुढील खानेसुमारीसाठीं १ मार्च २०२७ हा दिवस ठरविला आहे. तेव्हां प्रत्येकानें जेथें प्रत्यक्ष राहतों तेथेंच आपली व आपल्या कुटुंबाची गणना होते कीं नाहीं, हें डोळ्यांत तेल घालून पाहावें. वांटणी मतदारयादीवर होत नाहीं, लोकसंख्येवर होते. गणनेंतून सुटलेलें बिऱ्हाड आपल्या वस्तीचें वजन घटवितें. स्त्रियांचें तर या कामांत दुहेरी हित गुंतलें आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनें विधानसभा व लोकसभा यांतील एकतृतीयांश जागा त्यांना देऊं केल्या खऱ्या, पण तें देणें पुढील खानेसुमारी व परिसीमन यांच्या गांठीस बांधून ठेविलें. आजच्या संख्येवर त्या विधानसभेंत ९६ व लोकसभेंत १६ होतात. परिसीमन लांबलें कीं त्यांचें देणेंहि लांबतें.

दुसरें असें कीं, आयोग आपला आराखडा आधीं प्रसिद्ध करतो, हरकती मागवितो व जाहीर बैठका घेतो. बोलावयाचें तें तेव्हांच. अखेरचा हुकूम निघाल्यावर त्यास कायद्याचें बळ येतें, आणि १९६६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच तसा निर्णय दिलेला आहे. २०२४ सालीं त्याच न्यायालयानें उघड मनमानीच्या प्रसंगीं दार थोडें किलकिलें केलें असलें, तरी त्या फटींतून सर्वांस जातां येणार नाहीं. म्हणून नगरपालिकांनीं, व्यापारी मंडळ्यांनीं, वाचनालयांनीं व महिलामंडळांनीं आपापल्या तालुक्याचे आंकडे व नकाशे आतांच गोळा करावे. कोणत्या गांवाची पेठ कोणती, कोणत्या वस्तीचा रस्ता कोणत्या शहरास मिळतो, हें आयोगापुढें मांडण्यास स्थानिक माणसाइतका लायक साक्षीदार दुसरा नाहीं.

राजकीय पक्ष आपापले नकाशे तयार करतीलच. त्यांना कोणी शिकवावयास नको. तो नकाशा ज्यांच्या घरांवरून काढावयाचा त्यांनीं मात्र झोपेंत राहावें, हें स्वराज्यास शोभणारें नाहीं. वजनमापांत खोट आढळली तर आपली पेठ व्यापाऱ्यास क्षमा करीत नाहीं. मताच्या तराजूंतहि तीच कसोटी लावण्यास तिनें आतां शिकावें, एवढीच आमची सूचना आहे.