प्रिंटरला पक्का पत्ता द्या!

सबमिशनचा दिवस आठवा. जर्नलची शेवटची पानं काढायचीत, लॅबबाहेर रांग लागलीय आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’. तो समोरच तर आहे! दिवा लागलाय, कागद आहे, टोनरही आहे. तरी कॉम्प्युटर म्हणतो, सापडत नाही. मग कुणीतरी केबल हलवतं, कुणी रिस्टार्ट करतं आणि शेवटी सगळे पेन ड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे. एका पानाला पाच रुपये मोजून.

आमच्याकडे असंच झालं, तेव्हा कारण अगदी फालतू निघालं. रात्री लाइट गेली होती. सकाळी राउटर चालू झाला, पण आदल्या दिवशी कुणाला कोणता पत्ता दिला होता, हे तो विसरला होता. प्रिंटरचा १९२.१६८.१.१२ हा पत्ता कुणाच्या तरी लॅपटॉपला गेला आणि मागून चालू झालेल्या प्रिंटरला मिळाला १७. लॅबमधले सगळे कॉम्प्युटर मात्र जुन्याच दारावर टकटक करत बसले.

पत्ते आपोआप वाटणारी ही पद्धत म्हणजे डीएचसीपी. १९९३ पासून ती आहे आणि तुमच्या-माझ्या मोबाइलसाठी एकदम बेस्ट आहे. पत्ता ठराविक मुदतीसाठी भाड्याने मिळतो, मुदत संपली की दुसऱ्याला. पण ज्याला बाकीचे शोधत येतात, त्याने भाडेकरू राहून कसं चालेल? प्रिंटर, प्रोजेक्टच्या फाइल्स ठेवलेला सर्व्हर, यांचा पत्ता कायमचाच हवा.

आम्ही तसं सुचवलं, तर उत्तर आलं, ‘स्टॅटिक आयपीला बजेट नाही.’ इथेच गल्लत आहे! पैसे पडतात ते इंटरनेट कंपनीकडून घ्यायच्या पब्लिक पत्त्याला. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी नेटवर्कसाठीच राखून ठेवलेत. ते कुणीही वापरावेत, फुकट. काम दहा मिनिटांचं आहे.

आता हे वाचून स्वतःच सेटिंग बदलायला जाऊ नका, प्लीज. हॉस्टेलमध्ये माझ्या एका मित्राने लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.१ टाकला. तो राउटरचाच पत्ता होता. अख्ख्या मजल्याचं नेट आचके द्यायला लागलं आणि रात्री बारा वाजता त्याला शोधत लोक दारोदार फिरले. (नाव सांगत नाही, अजून मार खाईल.) हाताने द्यायचाच असेल तर राउटर ज्या रेंजमधून पत्ते वाटतो, तिच्या बाहेरचा द्यावा. राउटर १०० ते २०० वाटत असेल, तर प्रिंटरला २०.

मला विचाराल तर त्याहून बरा उपाय म्हणजे राउटरमध्येच रिझर्व्हेशन करणं. प्रत्येक मशीनला कारखान्यातूनच एक मॅक अ‍ॅड्रेस मिळतो. हा मॅक आला की हाच पत्ता द्यायचा, असं राउटरला एकदा सांगून ठेवायचं. सगळा हिशोब एका जागी राहतो. मशीन फॉरमॅट केलं तरी बिघडत नाही.

आणि एक यादी भिंतीवर लावा: कोणतं मशीन, कोणता पत्ता. आज बहुतेक लॅबमध्ये ही यादी एकाच लॅब असिस्टंटच्या डोक्यात असते. ते सर रजेवर गेले की लॅबही रजेवर. सेमिस्टर सुरू होतंय, सबमिशन अजून लांब आहे. सरांकडे जायला हीच वेळ बरी. जाताना प्रिंटरच्या मेन्यूतून नेटवर्क सेटिंगचं पान काढून न्या, मॅक अ‍ॅड्रेस त्यावर छापलेला असतो.