नियमशास्त्र मोडीत निघाले नव्हते

यहुदी धर्म म्हणजे नियमांचा काच आणि ख्रिस्ताची शिकवण म्हणजे त्यातून प्रेमाने केलेली सुटका, अशी वाटणी आपल्याकडे सर्रास केली जाते. कर्मकांड विरुद्ध भक्ती हा वाद मराठी माणसाच्या रक्तात मुरलेला असल्याने ती लगेच पटतेही. मराठी ख्रिस्ती बोलण्यात तर ‘परूशी’ हा शब्दच ढोंगी माणसासाठी वापरला जातो. ही वाटणी पहिल्या शतकातल्या पुराव्यावर टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते पडताळून पाहायला फार दूर जायला नको, आपल्या कोकणापर्यंत गेले तरी पुरे.

अलिबाग, रेवदंडा, पेण या भागात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्राएल समाजाला शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. हिब्रू पोथ्या त्यांच्याजवळ उरल्या नव्हत्या, भाषा मराठी झाली होती, पेहरावही शेजाऱ्यांसारखाच होता. तरी मुलाची सुंता आठव्या दिवशी होई, खवले नसलेला मासा चुलीवर चढत नसे आणि जन्म असो वा मृत्यू, ‘शमा’ ही एकेश्वराची प्रार्थना म्हटली जाई. ग्रंथ हरवल्यावरही या माणसांना आपण कोण हे विसरू दिले नाही ते या नियमांनीच. ज्या नियमांनी एवढे राखले, त्यांना नुसता काच म्हणणे अन्यायाचे आहे.

आता येशूकडे पाहू. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा मार्कच्या शुभवर्तमानानुसार येशूने आधी हाच ‘शमा’ सांगितला. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची जी दुसरी आज्ञा जग त्याची खास शिकवण मानते, ती लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातली, म्हणजे नियमशास्त्राच्या ऐन गाभ्यातली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर आपण नियमशास्त्र रद्द करायला आलेलो नाही, असे तो स्वच्छ सांगतो. प्रेम आणि नियम यांना त्याने समोरासमोर उभे केलेच नाही. प्रेमाची आज्ञा त्याने नियमातूनच उचलली.

यावर पहिला आक्षेप हमखास पौलाच्या नावाने येतो. सुंतेच्या सक्तीविरुद्ध गलतीकरांना त्याने अतिशय कडक शब्दांत लिहिले, हे खरे आहे. पण ते पत्र यहुदी नसलेल्या माणसांना उद्देशून होते. तीमथ्याची आई यहुदी होती, आणि प्रेषितांच्या कृत्यांनुसार त्याची सुंता याच पौलाने करवली. इ.स. ४९च्या सुमारास यरुशलेमला प्रेषितांची बैठक झाली, तेव्हा प्रश्न नियमशास्त्र चांगले की वाईट हा नव्हता. परक्यांना त्यातले किती लागू, एवढाच होता. ठरले ते असे: मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि व्यभिचार या चार गोष्टी परक्यांनी टाळाव्यात. इस्राएलात राहणाऱ्या परदेशीयांसाठी लेवीय ग्रंथाच्या सतराव्या-अठराव्या अध्यायांत घातलेल्या बंधनांशी ही यादी जवळजवळ जुळते. म्हणजे परक्यांना मिळालेली मोकळीकसुद्धा नियमशास्त्राच्याच चौकटीतली होती.

दुसरा आक्षेप असा, की अंत्युखियात परक्यांबरोबर जेवणारा पेत्र ऐन वेळी पंक्तीतून उठला आणि पौलाने त्याला सर्वांदेखत सुनावले. मग नियम माणसे तोडतातच ना? पंक्तीचे मोल मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. जालना जिल्ह्यात नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वस्ती वसवली. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहिला. न्यायालयाने त्या मुलाला वडिलांच्या हवाली केले. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण मिशनऱ्यांकडे तो जेवला होता, आणि एवढ्यावरून त्याला जातीत परत घ्यावे की नाही याचे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी आधार घेतला तो शास्त्रातल्याच प्रायश्चित्ताचा. अंत्युखियातला वाद याच जातीचा होता. पंक्तीतून उठवण्यासाठी नियमाचा हवाला देता येतो, तसा पंक्तीत बसवून घेण्यासाठीही देता येतो. पौलाचे भांडण पहिल्या वापराशी होते.

मग परूश्यांवरचे प्रहार? ते घरातल्या घरात झालेले, एकाच शास्त्राच्या अर्थावरून झडलेले वाद आहेत. आपल्या संतांनी दांभिकांवर कोरडे ओढले म्हणून ते धर्माबाहेरचे ठरत नाहीत. इ.स. ७० साली यरुशलेमचे मंदिर पडल्यावर वाटा फाकत गेल्या, ख्रिस्ती मंडळीत यहुदी नसलेल्यांची संख्या वाढली आणि घरातले बोल बाहेरच्यांच्या तोंडी जाऊन शिवी बनले. तरीही दुसऱ्या शतकात मार्शियनने यहुदी ग्रंथ टाकून द्या म्हटले, तेव्हा रोमच्या ख्रिस्ती मंडळीने ग्रंथ ठेवले आणि मार्शियनला बाहेर काढले. त्या शिवीची किंमत मात्र युरोपातल्या यहुद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली, आणि १९६५मध्ये व्हॅटिकन परिषदेला त्या दूषणाविरुद्ध जाहीर भूमिका घ्यावी लागली.

म्हणून प्रवचनकारांना, शिक्षकांना आणि लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. येशूची थोरवी सांगण्यासाठी त्याच्या धर्माला लहान करू नका आणि ‘परूशी’ हा शब्द शिवीसारखा वापरणे सोडा. येशूने पहिल्या क्रमांकाची म्हणून सांगितलेली आज्ञा आपल्या कोकणातल्या तेल्यांनी, हाती पोथी नसताना, तोंडपाठ जपली होती.