गटारातून जिवंत परतलेल्यांचे आरोग्य

९ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीतील मोतीनगर येथे एका निवासी संकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पाच कामगार गुदमरून मरण पावले. सुरक्षासाधनांविना गटारात माणूस उतरवण्यास मनाई करणारा कायदा तेव्हा पाच वर्षांचा झाला होता. पुढे ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपयांवर नेली. अपंगत्वाचीही भरपाई ठरवली.

पण जो रोज जिवंत वर येतो, त्याचे काय? गटारातील वायू त्याचे डोळे, त्वचा, छाती हळूहळू पोखरतो. ‘नमस्ते’ योजनेने या कामगारांना आयुष्मान भारतचे संरक्षण देऊ केले, हे स्वागतार्हच. मात्र ते संरक्षण रुग्णालयात दाखल होणाऱ्यास मिळते. जुनाट खोकल्यासाठी बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती बुडतेच. कंत्राटदार बदलत राहतात. त्यामुळे आजार कामातून जडला, हे सिद्ध करणारा कागदही हाती राहत नाही.

याच योजनेत नोंदवलेल्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. तरीही हे काम व्यवसायाधारित आहे, जातिआधारित नव्हे, असे उत्तर सरकारने संसदेत दिले आहे. प्रशासनाची भाषा मला अपरिचित नाही. अशा उत्तराने प्रश्न एका विभागाच्या फाइलीतून दुसऱ्या विभागाच्या फाइलीत जातो, इतकेच. कंत्राटदार कोणीही असो, काम करवून घेणाऱ्या संस्थेने कामगाराची नावानिशी नोंद ठेवून दरवर्षी भरपगारी रजेवर त्याच्या फुप्फुसांची तपासणी करावी, ही अट निविदेतच घालता येते.