गुंजनपक्षी आणि तांबडीं फुलें

अमेरिकेंत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांकडून हल्लीं जीं छायाचित्रें येतात, त्यांत फुलापुढें अधांतरीं तरंगणाऱ्या एका इवल्याशा पक्ष्याचें चित्र पुष्कळदां असतें. हा ‘हमिंगबर्ड’, आपण त्याला गुंजनपक्षी म्हणूं. कित्येकजण त्याला आपल्या अंगणांतला शिंजीर समजतात. परंतु हीं दोन कुळें अगदीं निराळीं. गुंजनपक्ष्याच्या साडेतीनशेंच्या आसपास जाती असून त्या सर्व अमेरिकाखंडांतच आढळतात. न्यू जर्सीकडील बागांतून येतो तो तांबड्या गळ्याचा. वजन अवघें ३ ग्रॅम, आणि पंखांची फडफड सेकंदाला सुमारें ५० वेळां!

अशा वेगापुढें साधा कॅमेरा काय करणार? शटर सेकंदाच्या १/२०० भागापुरतें उघडलें, तरी तेवढ्यांत पंखाचा पाव फेरा होऊन जातो. १९३० नंतरच्या दशकांत मॅसॅच्युसेट्स येथील हॅरल्ड एजर्टन ह्या अभियंत्यानें विजेच्या क्षणिक लखलखाटांत हे पंख स्थिर करून दाखविले. आजचा फ्लॅशही, जोर अगदीं कमी ठेवल्यास, सेकंदाच्या १/१०,००० भागाइतकीच चमक देऊं शकतो. तरी आमच्या मतें पंख किंचित् धूसर आलेलें चित्रच खरें; पूर्ण गोठलेल्या पंखांचा पक्षी टांचणीनें टोचून ठेवल्यासारखा दिसतो.

नराच्या गळ्याची लाली हा तर प्रकाशाचाच खेळ. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतल्यामुळें ती दिसते. म्हणून पक्ष्यानें मान वळवितांच माणकासारखा गळा काळाठिक्कर पडतो. सूर्य पाठीशीं घेऊन उभें राहावें, आणि पक्षी तोंड इकडे करीपर्यंत वाट पाहावी.

ही वाट पाहावयाची ती फुलापाशीं. तांबडीं, नळीसारखीं, फारसा वास नसलेलीं फुलें त्याला प्रिय. मधमाशीला तांबडा रंग नीट दिसत नाहीं, आणि नळीच्या तळचा मधुरस लांब चोंचीलाच सांपडतो. वसंतांत तांबड्या हनीसकलची वेल, पुढें बी-बाम, आणि शेवटीं ओलसर जागीं कार्डिनल, अशीं लागोपाठ फुलणारीं झाडें लावल्यास मेपासून सप्टेंबरपर्यंत त्याची ये-जा चालू राहते. साखरपाण्याची बाटली टांगण्यासही हरकत नाहीं: एक भाग साखर, चार भाग पाणी. मध किंवा रंग मात्र घालूं नये, आणि उन्हाळ्यांत बाटली दर दोन दिवसांनीं धुवावी.

घरट्याविषयीं मात्र आग्रहानें लिहिणें भाग आहे. कोळ्याच्या तंतूंनीं बांधलेलें, वरून दगडफूल चिकटविलेलें तें घरटें अर्ध्या अक्रोडाएवढें असतें. अंडीं दोन; उबविणें, भरविणें सारें मादी एकटीच करते, नर तिकडे फिरकतही नाहीं. चित्राच्या आशेनें कोणी जवळ उभा राहिला, तर ती परत येण्यास धजत नाहीं, आणि पिलें उपाशीं राहतात. आड येणारी डहाळी छाटणारेही शौकीन असतात. मग उघडें पडलेलें घरटें उन्हाच्या आणि शिकारी पक्ष्यांच्या तावडींत जातें. तेव्हां मुलांना पत्र लिहितांना घरट्याच्या चित्राची मागणी करूं नये, फुलावरचें मागवावें. पिलें तीनएक आठवड्यांत उडून जातात. रिकाम्या घरट्याचें चित्र त्यानंतर घेतलें तरी चालेल.